पाण्यात गाडी घालण्याआधी

महाराष्ट्र शासनाने 2018 साली जुन्नरला राज्यातला पहिला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. शिवनेरी, नाणेघाट, माळशेज आणि लेण्यांकडे लोक आधीही येत होतेच, आता शिवारातली कृषी पर्यटन केंद्रंही त्यांची वाट पाहू लागली. शेजारच्या आंबेगावात भीमाशंकर, आहुपे आणि डिंभे धरणाचा परिसर आहे. दोन्ही तालुक्यांत पावसाळा हाच गर्दीचा हंगाम. या गर्दीच्या मागोमाग डोंगर-चिखलात चालणारी वाहनं आली: फोर व्हील ड्राइव्ह जीप, ट्रेलच्या मोटारसायकली आणि फुगीर टायरांची, हँडल धरून चालवायची चारचाकी एटीव्ही. अशी गाडी पाणी उडवत ओढ्यातून जाते तेव्हा बघणाऱ्यालाही आपण ती चालवावीशी वाटते.

ती पाण्यात घालावी का, घालायची तर कुठे आणि किती, या प्रश्नावर दोन मतं आहेत. दोन्ही मतांची माणसं एकाच घरात सापडतात. पुढच्या संवादातला पुतण्या यंत्र शिकलेला आहे आणि शेतावर पर्यटन केंद्र चालवतो. काका पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, त्यांचं आयुष्य धरण, पाट आणि नदी बघण्यात गेलं. दोघं प्रातिनिधिक आहेत, पण त्यांचा वाद या खोऱ्यांतला खरा वाद आहे.

पुतण्या: काका, तुम्ही गाडीला दोष देता, ते मला पटत नाही. ही गाडी पाण्या-चिखलासाठीच बनवलेली आहे. चारही चाकांना जोर मिळतो, खाली दगड लागू नये म्हणून पोट उंच असतं, हवा ओढणारी नळी वर हँडलजवळ असते. लोक बुडतात ते कसं चालवायचं हे माहीत नसल्यामुळे. शिकवलं तर बुडणार नाहीत.

काका: मग आधी मलाच शिकव. पाण्यात गाडी कशी घालायची?

पुतण्या: पहिली गोष्ट, थांबायचं. गाडी काठावर उभी करून काठी हातात घ्यायची आणि स्वतः चालत पलीकडे जाऊन यायचं. खोली किती, तळ दगडाचा की गाळाचा, मध्ये खड्डा आहे का, पलीकडचा काठ चढण्यासारखा आहे का, हे सगळं पायाला कळलं पाहिजे. जिथे चालत जायची हिंमत होत नाही, तिथे गाडीही न्यायची नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते: पाणी पाय ठेवायच्या पट्टीच्या वर जाता कामा नये. गाडी तापलेली असेल तर थोडा वेळ थंड होऊ द्यायची.

काका: थंड कशाला?

पुतण्या: चाकांना जोर देणारा गिअरचा डबा चालून तापतो, आतली हवा फुगलेली असते. गार पाण्यात गेला की ती हवा एकदम आकसते आणि सीलमधून, डब्याच्या श्वासनळीतून पाणी आत ओढून घेते. ते वंगणात मिसळतं आणि पुढे बेअरिंग खातं. म्हणून ती श्वासनळी वर, हँडलपर्यंत नेऊन बांधतात. मग पाण्यात उतरताना लहान गिअर, माणसाच्या चालीचा वेग आणि एकसारखा ॲक्सिलरेटर. मध्ये थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. त्या वेगात गाडीपुढे एक लाट उठते आणि तिच्या मागे पाणी थोडं खाली बसतं, इंजिन त्या खळग्यात राहतं. ज्याला व्हिडिओ काढायचा असतो तो वेगाने घुसतो, पाणी अंगावर उसळतं आणि हवेच्या नळीत जातं.

काका: गेलं तर काय होतं?

पुतण्या: इंजिन मरतं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पिस्टन वर येतो आणि सिलिंडरमधल्या पाण्यावर आपटतो. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचीच नाही, हे मी पहिल्यांदा सांगतो. दोर लावून बाहेर ओढायची, प्लग काढून पाणी बाहेर फेकवायचं, हवेच्या पेटीचं आणि बेल्टच्या पेटीचं पाणी सोडायचं, ऑइल बघायचं. ऑइल दुधाळ दिसलं की पाणी मिसळलंय, ते बदलल्याशिवाय इंजिन चालवायचं नाही. बेल्ट ओला झाला तर इंजिन ओरडतं पण चाक फिरत नाही. बाहेर आल्यावर ब्रेकही हलके दाबत दाबत वाळवावे लागतात, नाहीतर पुढच्या उतारावर लागत नाहीत.

काका: तू सांगितलंस त्यातलं एकही वाक्य मी खोडत नाही. गाडी वाचवायची विद्या तुला येते. पण तू ज्या पाण्याबद्दल बोललास ते उभं पाणी आहे. मी वाहत्या पाण्याबद्दल विचारतोय. तुझ्या गाडीचं वजन किती?

पुतण्या: सव्वातीनशे किलोच्या आसपास. वर चालवणारा माणूस, सत्तर किलो. एकूण 395 धरा.

काका: टायर किती मोठा?

पुतण्या: व्यास 63 सेंटीमीटर, रुंदी 23 च्या आसपास. गुणाकार केला तर एका टायरचं आकारमान होतं सुमारे 70 लिटर. चार टायरांचं 280.

काका: आणि त्यांत असते हवा. म्हणजे टायर पूर्ण बुडाले की पाणी तुझ्या गाडीला 280 किलोने वर उचलतं. दीड फूट पाण्यात?

पुतण्या: दीड फूट म्हणजे 45 सेंटीमीटर. टायरचा पाऊण भाग बुडतो, सव्वादोनशे किलोच्या जवळपास उचल मिळते. इंजिनचा खालचा भाग पाण्यात येतो, त्याची आणखी तीसेक. म्हणजे जमिनीवर वजन उरतं 140 किलोच्या आत-बाहेर.

काका: शेवाळलेल्या फरशीवर त्या 140 किलोची पकड किती? पायच ठरत नाही तिथे. मी म्हणतो तिसरा हिस्सा धर, चाळीस-पंचेचाळीस किलो. म्हणजे एवढ्या जोराने कोणी बाजूने ढकललं की गाडी सरकली. आता पाणी किती जोराने ढकलतं ते तू सांग, ते गणित तुझ्या शाळेतलं आहे.

पुतण्या: पाण्यात बुडालेली बाजू अर्धा चौरस मीटर धरू. सेकंदाला एक मीटर वेगाच्या पाण्याचा जोर साधारण 25 किलो. गाडी टिकेल. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो, म्हणजे 100 किलो.

काका: आणि तुझ्याकडे पकड आहे पंचेचाळीसची. तू जिला ताकद म्हणतोस ते फुगीर टायरच तुला उचलून देतात. माणूस झपझप चालतो त्याहून जरा जास्त वेगाचं, दीड फूट पाणी. ते बघून कोणालाही भीती वाटत नाही. आणि तेवढंच पुरतं.

पुतण्या: मोटारींचंही तसंच आहे. अमेरिकेच्या हवामान खात्याचा इशारा सांगतो की अर्धा फूट खोल वाहतं पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकतं, एक फूट पाणी बहुतेक मोटारी तरंगवतं आणि दोन फूट पाणी एसयूव्हीसुद्धा वाहून नेऊ शकतं. हे मला मान्य आहे. म्हणून तर मी वेग मोजायला शिकवतो. काडी पाण्यात टाकायची आणि काठाने तिच्याबरोबर चालायचं. काडी पुढे गेली तर गाडी पाण्यात जाणार नाही.

काका: चांगला नियम आहे, सगळ्यांना सांग. पण काडी टाकली त्या क्षणाचं पाणी तुला कळलं. पाच मिनिटांनी काय येणार आहे ते काडी सांगत नाही. आपल्या दोन तालुक्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आण. नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तोच पाऊस पूर्वेला बेल्हे-आण्याकडे जाईपर्यंत हजाराच्याही खूप खाली येतो. म्हणजे नारायणगावात ऊन पडलेलं असतं, माणूस निवांत ओढ्यात उतरतो, आणि वरच्या खोऱ्यात ढग रिकामा होत असतो. ते पाणी तुझ्या पायाशी पोचतं तेव्हा पाऊस बघायला मान वर करावी असंही तुला सुचत नाही.

पुतण्या: गढूळपणा आधी येतो ना? पाणी लाल झालं, पालापाचोळा, काटक्या यायला लागल्या की वर पाऊस झालाय हे कळतं.

काका: कधी कळतं, कधी लोंढाच आधी येतो. लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या वरच्या अंगाला 30 जून 2024 ला एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पाण्यात उभे होते आणि पाणी वाढत गेलं. काठ जवळ होता, पण तिथपर्यंत यायला वेळ उरला नाही. तिथे तर गाडीही नव्हती. गाडी असती तर माणूस आणखी आत गेला असता.

पुतण्या: गाडीमुळे माणूस आणखी आत जातो, हे तुमचं मूळ म्हणणं आहे तर.

काका: हो. साधा मोटारसायकलवाला घोटाभर पाण्यात थबकतो. चार चाकांना जोर असलेला माणूस तिथे थबकत नाही, तो मांडीभर पाण्यात अडकतो. तू शिकवशील, त्याला स्वतःवर विश्वास येईल आणि तो विश्वास त्याला पुढच्या रविवारी तुझ्या नजरेआड कुठल्यातरी नदीत नेईल.

पुतण्या: मग काहीच शिकवायचं नाही का? काका, बंदीचे फलक लागतात. 2024 च्या जुलैत पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर पाण्यात उतरायला मनाई केली, त्यात जुन्नर-आंबेगावातली ठिकाणंही होती. ते योग्यच होतं. पण ज्याला जायचंच असतं तो फलक चुकवून आडवाटेने जातो, आणि आडवाटेवर त्याला सांगणारं कोणी नसतं. मी माझ्या शेतात, मोजलेल्या पाण्यात, माझ्या डोळ्यांसमोर त्याला शिकवतो. परत फिरणं हासुद्धा शिकवायचाच भाग आहे. गाडी काठापर्यंत आणायची, पाणी बघायचं, मोजायचं आणि वळवून परत न्यायची. हे हातांना सवयीचं झालं पाहिजे.

काका: परत फिरायचा सराव करून घेतोस हे मला आवडलं. पण शेतातलं पाणी म्हणजे कोणतं? शेततळं असेल तर आत्ताच नाही म्हणतो.

पुतण्या: शेततळ्यात नाहीच. तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, बाजू तिरप्या आणि ओल्या. पोहता येणारा माणूसही त्यावरून वर चढू शकत नाही. शेततळ्याच्या चारही कडांना दोर बांधून ठेवावा, कुंपण घालावं, हे मी प्रत्येकाला सांगतो. मी वेगळा चर काढलाय. मुरमाचा तळ, गुडघ्याखालची खोली, दोन्ही बाजूंना सौम्य चढ आणि खोलीच्या खुणा रंगवलेल्या काठ्या. पाणी सोडायचं आणि काढायचं माझ्या हातात.

काका: त्याला माझी ना नाही. ते पाणी उभं आहे, त्याला ओढ नाही, तळ तुला माहीत आहे. पण नदीचा तळ तुला माहीत नसतो. गेल्या वर्षी जिथून बैलगाडी गेली तिथे यंदा वाळू उपशाचा खड्डा असतो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी पडून पडून डोह झालेला असतो. वरून सगळं सारखंच दिसतं. आणि कोल्हापुरी बंधाऱ्यावरून गाड्या नेतात लोक. पावसाळ्याआधी ढापे काढलेले असतात, पाणी खालूनही जातं, वरूनही जातं. कठड्याचा पत्ता नसतो. दोन्ही बाजूंना पाण्याची एकच पातळी दिसते, त्यात रस्ता कुठे संपला ते कसं कळणार?

पुतण्या: धरणाच्या मागच्या पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात पिंपळगाव जोगे, माणिकडोहचं पाणी मागे सरतं, काठावर गाळ उघडा पडतो. वरून वाळून भेगा पडलेला, खाली रेंदा. पर्यटक ते मैदान समजून गाडी पळवतात आणि ॲक्सलपर्यंत रुततात. तिथून पुढे पाण्याकडे जाणं म्हणजे तळ नसलेल्या ठिकाणी जाणं. मी तिकडे कोणाला नेत नाही.

काका: आता धरणाच्या खालचं ऐक, कारण ते मी बघितलंय. कुकडी प्रकल्पात माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं आहेत. एकट्या डिंभ्यात साडेतेरा टीएमसी, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट पाणी बसतं. धरण भरत आलं की दारं उघडावीच लागतात, रात्र असो की पहाट. डिंभ्याचं पाणी घोड नदीने घोडेगावाकडे येतं, वडजचं मीनेने नारायणगावात. 5,000 क्युसेक विसर्ग बातमीत वाचायला किरकोळ वाटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. 5,000 म्हणजे दर सेकंदाला 141 टन पाणी. त्यात तुझी सव्वातीनशे किलोची गाडी. म्हणून भोंगा वाजला, दवंडी आली, मोबाइलवर इशारा आला की नदीपात्राकडे जायचंच नाही. आणि भोंगा ऐकू आला नाही म्हणून पाणी येणार नाही असंही धरायचं नाही.

पुतण्या: हे सगळं खरं. पण काका, तुम्ही मौजेने पाण्यात जाणाऱ्यांबद्दल बोलताय. न जाऊन चालत नाही त्यांचं काय? पश्चिम पट्ट्यातल्या वाड्या-वस्त्यांना ओढा आडवा आला की पलीकडे शाळा, दवाखाना, रेशन. पूर्वेला टोमॅटोचे क्रेट भरलेले, नारायणगावच्या बाजाराची वेळ चाललेली, आणि मधल्या फरशीवरून पाणी. ट्रॅक्टरवाला थांबत नाही. थांबला तर दिवसाचा माल गेला. अशा माणसाला नियम सांगण्यापेक्षा त्याच्या हाताला चांगलं वाहन आणि चांगली विद्या द्यावी असं मला वाटतं. 30 जुलै 2014 ला आंबेगावातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, 151 माणसं गेली. त्या भागात चिखल-पाण्यातून चालणारी वाहनं आणि ती चालवणारी शिकलेली पोरं गावागावांत असावीत, हे चूक आहे का?

काका: चूक नाही. तुझा हा मुद्दा सगळ्यांत जड आहे. पण त्याचं उत्तर दोन ठिकाणी शोधावं लागेल. बाळंतपणाच्या बाईला ओढा ओलांडायला लागू नये याचं उत्तर साकव आणि उंच पूल हे आहे, एटीव्ही नाही. चांगलं वाहन आलं म्हणून पुलाची मागणी मागे पडली तर गावाचं नुकसान झालं. आणि ट्रॅक्टरवाल्याचं म्हणशील, तर ट्रॅक्टर दोन टनांचा असतो, पाण्यात त्याचाही भरवसा धरता येत नाही. ट्रॉली पाण्याने आडवी झाली की ती ट्रॅक्टरलाही ओढते. माल पुन्हा पिकतो. पूलही डोळे झाकून धरायचा नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. 15 जून 2025 ला आपल्याच जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चार जण गेले. पुराच्या पाण्याखाली रस्ता आहे की नाही हे वरून दिसत नाही.

पुतण्या: मदतीसाठी जाणाऱ्यांचं काय मग?

काका: मदतीला जाणाऱ्याला शिकव, जरूर शिकव. त्याच्या अंगावर लाइफ जॅकेट असेल, दुसरी गाडी काठावर असेल, दोर आधीच हुकात अडकवलेला असेल. तो हुकुमाने आणि माहितीने जातो. पण मला सांग, मौजेसाठी गेलेला माणूस अडकला तर त्याला काढायला पाण्यात कोण उतरतं?

पुतण्या: गावातली पोरं. पट्टीचे पोहणारे.

काका: त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट असतं?

पुतण्या: बहुतेक वेळा नसतं.

काका: म्हणून मी इतका कडवट बोलतो. बुडणाऱ्याला गावचा मुलगा नाही म्हणत नाही. आपण पाण्यात शिरतो तेव्हा आपला एकट्याचा जीव पणाला लावत नाही, त्या मुलाचाही लावतो आणि त्याला विचारतही नाही. शिवाय तू ज्या ओढ्यातून गाड्या नेशील त्याचं पाणी खालच्या वस्तीत पितात. साखळीचं वंगण, गळणारं ऑइल, ढवळलेला गाळ त्यांच्या हंड्यात जातो. भीमाशंकरचं जंगल 1985 पासून अभयारण्य आहे, तिथल्या झऱ्यांत तर चाक पडताच कामा नये.

पुतण्या: हे मान्य करतो. वाहत्या नैसर्गिक ओढ्यात पर्यटकाला घेऊन मी जाणार नाही, पावसाळ्यात तर नाहीच. चर माझा, पाणी माझं, बंद जागेतलं. मुलांच्या बाबतीतही नियम करतो. 16 वर्षांखालच्या मुलांना मोठी एटीव्ही देऊ नये असं बनवणारेच सांगतात, आणि बहुतेक एटीव्ही एका माणसासाठी असतात. पुढे लहान मूल, मागे बायको बसवून पाण्यात जाणाऱ्याला मी चावी देणार नाही. पण काका, पाण्याचा खेळ पूर्ण बंद करा, असं मी म्हणणार नाही. घाबरलेला माणूस पाण्यात चुका जास्त करतो. ओळख असलेला कमी करतो.

काका: आणि मी म्हणेन, पैसे देऊन आलेल्या माणसाला पाण्यात घालूच नये. त्याला पोहता येतं की नाही, त्याने काय प्यायलंय, रात्री घरी त्याची कोण वाट बघतंय, हे तुला माहीत नसतं. इथे आपलं जुळणार नाही. पण गाडी पाण्यात अडकलीच, तर तू त्याला काय सांगतोस ते मला ऐकायचंय.

पुतण्या: पाणी पायपट्टीच्या वर चढायला लागलं किंवा गाडी बाजूला सरकायला लागली की गाडीचा मोह सोडायचा. पाणी जिकडून येतं त्या बाजूने उतरायचं. खालच्या बाजूने उतरलं तर गाडी अंगावर येते. गाडी धरून ठेवायची नाही, दोर अंगाला किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही. पाय निसटले तर पाठीवर व्हायचं, पाय पुढे करून, दगड पायाने चुकवत तिरकं काठाकडे जायचं. जोराच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, पाय दगडात अडकतो आणि पाणी माणसाला खाली दाबतं. काठावरच्यांनी उडी मारायची नाही. दोर, रिकामा प्लास्टिकचा कॅन, टायरची ट्यूब, काहीही तरंगणारं फेकायचं. आणि 112 ला फोन.

काका: हे मात्र फलकावर लिहून केंद्राच्या दारात लाव. आणि वर मोठ्या अक्षरात लिही की ही सगळी विद्या पाण्यात शिरल्यानंतरची आहे.

दोघांचा वाद इथे पूर्ण मिटत नाही, आणि मिटवायची गरजही नाही. पर्यटकाला मोजलेल्या चरात उतरवावं का, यावर दोन समंजस माणसांची दोन मतं असू शकतात. मला पुतण्याचं पटतं, अट एवढीच की त्याने सांगितलेले नियम हंगामाच्या गर्दीतही पाळले जावेत. पण वाहत्या पाण्याबद्दल दोन मतं उरत नाहीत. पुतण्याच्या स्वतःच्या आकड्यांनीच ते सिद्ध केलं: माणसाच्या चालीपेक्षा जास्त वेगाचं दीड फूट पाणी एटीव्ही वाहून नेऊ शकतं. कौशल्याची हद्द उभ्या, उथळ, तळ माहीत असलेल्या पाण्यापर्यंत आहे. त्यापुढे चालवणाऱ्याचा हात कितीही तयार असला तरी उपयोग नाही, कारण चाक जमिनीला टेकलेलंच राहत नाही.

म्हणून जुन्नर-आंबेगावात गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आणि इथल्या प्रत्येक केंद्रचालकाला एक विनंती आहे. तळ दिसत नसेल, काडी तुमच्या चालीच्या पुढे जात असेल, घाटमाथ्यावर ढग असतील, वरच्या धरणातून विसर्ग सुरू असेल किंवा अंधार पडला असेल, यातली एक जरी गोष्ट खरी असली तर गाडी काठावरच वळवा. पूर ओसरेपर्यंत ताटकळावं लागेल, क्रेट बाजारात उशिरा पोचतील, व्हिडिओ राहून जाईल. ते चालेल. तुम्हाला काढायला गावातल्या कुणाच्या मुलाला पाण्यात उतरावं लागू नये.